सबुररावाची घाई

सबुरराव म्हणजे कूलिंगच्या पाण्याचा रखवालदार. टोपणनावच ते, पण दुसऱ्या नावानं त्याला कोणी हाक मारत नसे. न्यूट्रॉनच्या प्रयोगशाळेत यंत्र थंड ठेवणारं पाणी परत येतं ते किरणोत्सर्ग अंगावर घेऊनच. ते टाकीत थांबवायचं, जोर ओसरला की नमुना तपासायचा आणि तो चोख निघाला तरच झडप उघडायची. शास्त्रज्ञ कितीही घायकुतीला येवोत, हा पठ्ठ्या म्हणायचा, "जरा दम धरा."

नोकरीत ही सवय सोन्यासारखी. घरी मात्र थोरल्या बहिणीनं कपाळाला हात लावला होता. चाळिशी उलटली तरी लग्नाच्या नावानं शंख!

गेल्या महिन्यात तर त्यानं कहरच केला. क्रेन चालवणारी त्याची मैत्रीण, जिच्या एका शब्दासाठी हा दिवसभर कान टवकारून असे, तिनं चहा पिता पिता सरळ विचारलं, "लग्न करू या का आपण?"

"जरा दम धर," हा म्हणाला. सवयीनं निघून गेलं हो तोंडून! तिनं कप ठेवला आणि दुसऱ्या शहरातली नोकरी पत्करून टाकली.

आज तिचा शेवटचा दिवस. नमुना चोख निघाला, झडप उघडली, ड्यूटी संपली आणि सबुरराव जन्मात पहिल्यांदा पळत सुटला. पण दाराशी ते मेलं तपासणीचं यंत्र! आतले बूट काढायचे, मोज्यांवर उभं राहायचं, दोन्ही हात खोबणीत घालायचे आणि पुतळा व्हायचं. अंगाला किरणोत्सर्गी काही चिकटलेलं नाही अशी खात्री पटली की दार उघडतं. हललात, की मोजणी पहिल्यापासून.

काचेपलीकडे ती बॅग घेऊन बसकडे निघाली होती. हा लागला नाचायला.

"स्थिर उभे राहा," यंत्र म्हणालं.

"अगं ए!" ह्यानं टाचा उंचावल्या.

"स्थिर उभे राहा."

"राव, मुंग्या चावतायत का?" मागून वेल्डरनं विचारलं.

"अरे, माझं लग्न निघालंय तिकडे!"

सगळी रांग फिदीफिदी हसायला लागली. त्या गलक्यानं ती वळली. हा मेला का नाचतोय, तिला कळेना. पण ओझं झुलायला लागलं की क्रेनवाले मूठ वर करून थांबवतात, तशी तिनं मूठ वर केली. हा जागच्या जागी गार! हिरवा दिवा लागला.

बूट तिथंच टाकून तो मोज्यांवर धावला आणि तिच्यामागोमाग बसमध्ये चढला.

"हो! करू या लग्न! रजा घालतो, तुझ्या नव्या शहरात नोकरी बघतो. आधी तुझ्या आईकडे जाऊ. आत्ता!"

"असा? बिनबुटाचा? काय सांगू मी तिला?"

"सांग, मशीननं तपासून दिलाय. चोख आहे."

ती हसता हसता रडायलाच लागली. मग शेजारच्या सीटवरची बॅग तिनं उचलून मांडीवर घेतली.