आमच्या मुलाची काटकसर

माझ्या माहेरी कापड रंगवायचा धंदा होता. आईची पांढरी साडी विटली की आधी पिवळी व्हायची, मग हिरवी आणि शेवटी काळपट तपकिरी. त्यावर आणखी रंग चढेना झाला की तिची पायपुसणी होत. अशा घरात वाढल्यामुळे काटकसरीचं मला कधी वावडं नव्हतं. मी शाळेत शिकवत होते, हे सरकारी कचेरीत होते, दोघांचा पगार येत असतानासुद्धा आमच्या घरात दिवा उगाच जळत नसे. म्हणून मुलानं फोनवर सांगितलं की आता सगळे फालतू खर्च बंद करणार, तेव्हा मला बरंच वाटलं. आपलं वळण पोरात उतरलं म्हणायचं.

तो बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, एकटाच राहतो. चाळिशीत नोकरी सोडून मोकळं व्हायचं, असं त्यानं ठरवलं होतं. त्यासाठी गाडी विकली, हॉटेल बंद केलं, कामवाली बंद केली. मी लग्नाचा विषय काढला, तर म्हणाला तो सगळ्यात मोठा अनावश्यक खर्च. मी हसले. तेव्हा मला ती थट्टा वाटली होती.

मग तो दर शुक्रवारी म्हैसूरला यायला लागला. आधी दोन-दोन महिने तोंड न दाखवणारा मुलगा दर आठवड्याला येतोय म्हटल्यावर मी हरखूनच गेले होते. स्टेशनपासून बन्नीमंटपाजवळच्या आमच्या घरापर्यंत चालत यायचा, रिक्षाचे पैसे वाचवायला. पाठीवर एक मोठी बॅग, हातात एक पिशवी. बॅगेत आठवड्याचे कपडे असत. ओला टॉवेल तसाच गुंडाळलेला, त्याला कुबट वास. पिशवीत डबे. कंपनीत रात्रीचं जेवण फुकट मिळतं, ते तो या डब्यांतून घरी न्यायचा आणि डबे न धुता इकडे आणायचा. झाकणाच्या रबराखाली जुन्या आमटीचा चिकट काळा थर असे. तो मी सुईनं खरवडून काढायची. साबण आणि पाणी तिकडे विकत घ्यावं लागतं, असं त्याचं म्हणणं.

रविवारी जाताना तेच डबे भरून जात. कॉफीपूड, हुळीपुडी म्हणजे सांबाराचा मसाला, तूप, चटणी, शेंगदाणे. सुरुवातीला मीच हौसेनं भरून देत होते. नंतर तो स्वतःच फडताळ उघडून घ्यायला लागला. तूप काढताना बोट बरणीत घालायचा, चाटायचा आणि पुन्हा घालायचा. एकदा बघितलं तर ह्यांच्या रेझरनं दाढी करून केस तसेच पात्यात ठेवून दिलेले. मी म्हटलं, निदान स्वतःचं तरी घेऊन ये. तो म्हणाला, अप्पांचं आहे ना, सुम्ने, उगाच दोन कशाला.

ह्यांना यातलं काही खटकत नव्हतं. मुलगा येतो यातच ते खूष. शिवाय त्यांना ऐकू कमी येत चाललं होतं, त्यामुळे घरातलं निम्मं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. समोरचा हसला की ते हसत.

एका शनिवारी मुलगा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. त्याच्यासारख्याच पैसे वाचवणाऱ्या मंडळींचा गट आहे, ते आठवड्याला एकमेकांना आपापली प्रगती सांगतात. मी आत डोसे घालत होते. तो सांगत होता, या महिन्यात माझा किराणा शून्य. पलीकडून कुणीतरी विचारलं, हे कसं जमवलंस. तो म्हणाला, सवय लागते, गरजा कमी केल्या की जमतं. हे शेजारी बसून त्याच्या पडद्याकडे कौतुकानं बघत मान हलवत होते. मी तव्यावरचा डोसा त्याच्या ताटात वाढला. त्यानं न बघताच तोडून तोंडात घातला आणि पुढे बोलत राहिला.

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्या चावण्याचा आवाज सहन झाला नाही. मी परत आत जाऊन उभी राहिले. आपल्याच पोटच्या पोराची किळस येते, हे कुणाला सांगायचं?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ह्यांना घेऊन मी कान तपासायला गेले. तिथल्या मुलीनं दोन्ही कानांना मशीन लावून बघितलं. मी नेहमीसारखी ओरडूनच विचारलं, ऐकू येतंय का? ह्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तू एवढ्या मोठ्यानं का बोलतेस?" मग डोक्यावरच्या पंख्याकडे बघत बसले. पंख्याला आवाज असतो, हे ते विसरूनच गेले होते. मुलगी म्हणाली, दोन्ही कानांना लावलं तर माणसांत बसल्यावर बोलणं नीट कळेल, एकानं तेवढं जमणार नाही. मशीन महाग होतं, पण आम्हा दोघांनाही पेन्शन आहे. मी लगेच हो म्हणणार होते. हेच म्हणाले, मुलाला विचारू.

रविवारी सकाळी विचारलं. ह्यांची अंघोळ चालली होती, मुलाचे कपडे धुण्याच्या मशीनमध्ये फिरत होते. त्यानं फोनवर किमती बघितल्या.

"एक घ्या, पुरे," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का आई, अप्पांना आता एवढं ऐकायचं काय असतं? घरातच तर असतात."

मी म्हटलं, पैसे आमचे आहेत.

"तुमचे म्हणजे शेवटी आपलेच ना. म्हणून तर सांगतोय, विचार करून खर्च करा."

तो रागानं बोलला नव्हता. दूधवाल्याला अर्धा लिटर कमी सांगावं, तसं सहज बोलला. त्याला आपण काही वावगं बोललो असं वाटलंच नाही. म्हणजे आम्ही दोघं त्याच्या हिशेबात कधीच धरलेलो होतो. आम्ही जितकं कमी ऐकू, कमी खाऊ, तितकं त्याचं चाळिशीचं सुख लवकर येणार.

मी उठले आणि कपड्यांचं मशीन मध्येच बंद केलं. पाणी उतरू दिलं, दार उघडलं आणि फेसाळलेले कपडे तसेच बाहेर काढले. त्याच्या बॅगेत कोंबले. बॅगेतून पाणी गळायला लागलं. ती ओढत नेऊन मी बाहेरच्या दाराशी ठेवली. त्याचे डबे रिकामेच पिशवीत घातले.

आधी त्याला वाटलं मशीन बिघडलं. मग त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"घेऊन जा," मी म्हटलं. "आपल्या घरी धू. जेवण पण तिकडेच कर."

"आई, एवढं काय झालं? मी तुमच्याच भल्याचं बोललो."

माझ्या हातांना त्याच्या कपड्यांचा फेस लागला होता, तो धुवायला मी मोरीत गेले. बराच वेळ हात धूत राहिले. बाहेर आले तेव्हा तो गेला होता, पायरीपर्यंत पाण्याची रेघ होती. हे टॉवेल गुंडाळून उभे होते, काय झालं विचारत होते. मी ओरडून सगळं सांगितलं, त्याचे शब्द जसेच्या तसे. ते खाली बसले. थोड्या वेळानं म्हणाले, तरुण आहे, जाऊ दे, एकच मशीन घेऊ. मी म्हटलं, मग मी तुमच्याशी बोलणार नाही, पैसे आणखी वाचतील.

दोन्ही घेतली. पहिले काही दिवस ह्यांना कुकरची शिट्टी, बसचे भोंगे, सगळ्याचा त्रास झाला. मग सवय झाली. संध्याकाळी ते ग्राउंडवर आपल्या दोस्तांत जाऊन बसतात आणि घरी येऊन कोण काय म्हणालं ते मला सांगतात.

मुलगा बरेच महिने आला नाही. फोन करायचा, तो ह्यांना. दसऱ्याला आला, तेव्हा एकच लहान पिशवी होती. मी स्वयंपाक केला, वाढलं. तो नीट जेवला, ताट उचलून ठेवलं, आमच्यात भांडण झालं नाही. निघताना स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थोडा वेळ उभा राहिला. त्याची नजर फडताळाकडे होती. मला वाटलं होतं की या घटकेला माझं मन द्रवेल, आईचंच मन ते. तसं काही झालं नाही. मी ओटा पुसत राहिले. तो येतो म्हणाला, मी बरं म्हटलं. हे त्याला स्टेशनवर सोडायला निघाले आणि मी त्याचं ताट घासायला घेतलं.