खुर्चीत बसवलेली वहिनी

रिकामं बसणं हा माणसाच्या हातून घडणारा सर्वांत मोठा अपराध आहे, असं मनापासून मानणारी एकच बाई मला ठाऊक आहे, आणि ती म्हणजे माझी थोरली वहिनी. पेडण्याजवळच्या आमच्या मूळ घरी ती लग्न होऊन आली, तेव्हापासून तिला नुसती बसलेली कोणी पाहिली नाही. ती बसे फक्त आदोळीवर, म्हणजे खोवणीच्या विळीवर, नारळ खोवायला. तेही एक पाय उठायच्या तयारीत ठेवून. त्या जमिनीलगतच्या जागेवरून तिचा कारभार चाले. गॅसवरचं दूध, दादाची बीपीची गोळी, नातवाचा गृहपाठ, डिचोलीला दिलेल्या लेकीचं बाळंतपण आणि वास्कोहून शनिवारी घरी येणाऱ्या माझ्यासाठी राखून ठेवायची माशाची तुकडी, हे सगळं ती खोबऱ्यावरची नजर न काढता सांभाळी. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये कायमचा वस्तीला, आणि बाजूचा चहा कायमचा निवलेला. एकदा लेकीला बाळाचा ढेकर कसा काढायचा हे फोनवर समजावता समजावता तिने शेजारी पेज जेवत बसलेल्या दादाच्या पाठीवर थापट्या मारायला सुरुवात केली. दादाही बिचारा ढेकर येईपर्यंत गप्प राहिला.

अशा बाईचाच खुबा झिजावा, याला काय म्हणावं? कितीतरी महिने ती लंगडत होती आणि दोष चपलांना देत होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दर वेळी नवी चप्पल घ्यायची आणि पुढच्या शुक्रवारी त्या दुकानदाराशी भांडायला जायचं, असा तिचा क्रम होता. शेवटी तिच्या मुलाने तिला जवळजवळ उचलूनच डॉक्टरकडे नेलं. खुबा बदलावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिने घाबरण्याऐवजी वाटाघाटी सुरू केल्या. लोणची घालून झाल्यावर करा आणि गणपतीच्या चवथीला मला स्वयंपाकघरात उभी करा, एवढंच तिचं मागणं. चवथीला आमचे सगळे भाऊ, त्यांची बायकामुलं मूळ घरी जमतात आणि चूल एकच असते. त्या चुलीपाशी आपण नसणं ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. ऑपरेशन झाल्यावर भूल उतरत असताना आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने डोळे किलकिले केले, सुनेला ओळखलं आणि विचारलं, "कुकर बंद केलंस काय गो?"

घरी आणल्यावर मात्र खरी परीक्षा सुरू झाली. खुबा फार वाकता कामा नये, म्हणून पलंग उंच हवा, असं इस्पितळात बजावलं होतं. दादाने ते इतकं मनावर घेतलं की पलंगाच्या पायांखाली अख्खे चिरे रचले. वहिनीला वर चढवली खरी, पण तिचे पाय जमिनीला लागेनात. वरून ती म्हणाली, आता डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधा आणि आरती करा, मी बसलेच आहे मखरात. चिरे काढले, मग तिच्यासाठी हात असलेली उंच खुर्ची आणली. आमच्या घरात वाटाणे सोलणं, भाजी चिरणं, गप्पा मारणं हे सगळं जमिनीवर बसून. त्यामुळे सगळ्या बायका खाली आणि ही एकटी वर. मला एकदा हळूच म्हणाली की आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांचे टाळू दिसले, धाकट्या जावेचे केस किती विरळ झालेत ते कळलं. हसत म्हणाली, पण मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

वॉकर आल्यावर तिने त्याला एक कापडी पिशवी लटकवली. तीत चष्मा, फोन, पडशाच्या गोळ्या आणि कोठीची चावी. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने अंगणात चालायला सांगितलं, तर ही चालायची ती स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. त्या मुलीला ती आधी उकड्या तांदळाची पेज जेवायला लावी आणि मगच पाय उचलून दाखवी. दुखत असणारच. दात आवळून, घाम पुसत ती एकेक व्यायाम करी, आणि विचारलं तर चवथ आली, एवढंच उत्तर. अखेर डॉक्टरांनी सांगितलं की उभं राहा, चाला, स्वयंपाक करा. फक्त जमिनीवर बसायचं नाही, कधीच नाही. आदोळी गेली म्हणून ती दोन दिवस हळहळली. मग म्हणाली, उभ्याने काय रांधता येत नाही?

येत होतं. पण तोवर आम्ही सगळे तिच्यावर प्रेम करायला शिकलो होतो, आणि तेच तिच्या मुळावर आलं. ती काठी टेकत ओट्याशी गेली की सून तिच्या हातातला डाव काढून घेई, "तू बस गो आई, आमी करतंव." तिने कोथिंबीर निवडायला घेतली की जाऊ ती जुडी उचलून नेई. बाळाला घ्यायला हात पुढे केले की लेक म्हणे, पायावर भार नको. कोणाच्या बोलण्यात काडीचंही वाईट नव्हतं. इतके महिने तिच्यावाचून घर चालवताना सुनेला कितीतरी गोष्टी जमू लागल्या होत्या. इतक्या वर्षांनी या बाईला विश्रांती मिळाली, याचा आम्हां सगळ्यांना केवढा आनंद!

चवथीच्या दिवशी ती पहाटेच न्हाऊन, नवं लुगडं नेसून, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घालून बसली. आमच्याकडे नैवेद्याचं काही चाखत नाहीत. एवढ्या माणसांचं खतखतं, त्यात नाना भाज्या आणि तिरफळं, आणि मीठ घालायचं ते नुसत्या अंदाजाने. तो अंदाज आजवर वहिनीच्या मुठीत होता. ती मीठ घालायला उठली की बाकीच्या बायका बाजूला होत आणि क्षणभर कोणी बोलत नसे. त्या दिवशीही मिठासाठी हाक येईल म्हणून ती वाट बघत होती. काठी तिने आधीच हातात घेऊन ठेवली होती. मी माटोळीच्या सुपाऱ्या बांधायला मदत करत होतो, पण माझं लक्ष तिच्याकडे होतं. खतखत्याला कढ आला, सुनेने डबा उघडला, मूठ भरली, जराशी विचार करत थांबली आणि मीठ घालून झाकण ठेवलं. कामाच्या घाईत सासूला हाक मारायची राहिली, हे तिच्या लक्षातही आलं नाही. वहिनीने काठी पुन्हा भिंतीला टेकवली.

नैवेद्य दाखवून पंगत बसली. वहिनीचं पान वेगळं, टेबलावर. पहिला घास घेऊन दादा म्हणाला, "मीठ बरोबर पडलां." सगळ्यांनी माना डोलावल्या. सून लाजली आणि तिने सासूकडे पाहिलं. वहिनीने तिला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला, सगळ्यांदेखत शाबासकी दिली, आणि खतखतं पुन्हा वाढून घेतलं. मी तिला पाणी द्यायला गेलो, तेव्हा ती खाली पंगतीकडे बघत होती. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "भावोजी, एकदा तरी मीठ चुकाक होया होतां."

तिचा नवा खुबा उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणतात. पुष्कळ वर्षं टिकेल म्हणे. आता शनिवारी मी घरी जातो, तेव्हा ती खुर्चीत बसलेली असते, आणि तिच्या हातात गरम चहाचा कप असतो.