बुजऱ्याचं तिसरं घर

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला सगळी इमारत भिंगरी म्हणते. तिला ते ठाऊक आहे, पण ती रागावत नाही. रागवायलाही थोडा वेळ एका जागी थांबावं लागतं. भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात ती कामाला आहे. पिंजरे धुणं, खाणं शिजवणं, जखमांना मलम लावणं आणि कुत्र्यांसाठी घरं शोधणं, सगळं तिच्याकडे.

तिथे बुजऱ्या नावाचा एक तांबूस कुत्रा होता. माणूस दिसला की भिंतीकडे तोंड करून बसायचा. भिंगरीने महिनोन् महिने खपून त्याला हातातून खायला शिकवलं. त्याला घरी आणावं, तर नवऱ्याचा दमा आड येतो. तिच्या कपड्यांवरच्या केसांनीच त्याला धाप लागते.

बुजऱ्याला दोन घरं मिळाली आणि दोन्हीकडून तो परत आला. तेव्हा व्यवस्थापकांनी सांगून टाकलं, "पुन्हा परत आला, तर मागच्या मोठ्या खोलीत जाईल." त्या खोलीत दांडगी कुत्री एकत्र असतात. त्यांच्यासमोर बुजऱ्या ताटलीकडे फिरकलाही नसता.

"काकू, लोकांना धीर म्हणून नाही हो!" माझ्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत ती म्हणाली.

"कोण बोलतंय बघा!"

"माझं सोडा. मी शोधणारी आहे, मी घर नव्हे!"

शेवटी एक घड्याळजी तयार झाले. एकटेच राहतात, दुकानही घरातच. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली. भिंगरीने बुजऱ्याला तिथे पोचवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला बघायला निघाली. मलाही ओढून नेलं. "तुम्ही असलात की मी कमी बोलते," म्हणाली. हे मात्र खरं नाही.

घड्याळजींनी दार उघडलं आणि पुन्हा कामाला बसले. बुजऱ्या टेबलाखाली होता, नाक त्यांच्या चपलेपासून वीतभर लांब.

"बुजऱ्या! सोन्या माझा!" भिंगरीने हाक मारली. तो झेपावत आला आणि तिच्या पायांत घोटाळू लागला. ती फुलून गेली. "बघा, कसं ओळखलं!"

घड्याळजींनी भिंग काढलं. "बाई, आधीच्या घरीही तुम्ही अशाच लगेच गेला होतात?"

"दोन्हीकडे. मी कुणाला वाऱ्यावर सोडत नाही."

"आणि तुम्ही निघाल्यावर तो दाराशी बसून राहिला?"

भिंगरी हळूच म्हणाली, "दुसऱ्या घरच्या नर्सबाई म्हणाल्या होत्या खऱ्या. तो तुमचाच आहे, तुम्हीच ठेवा, म्हणाल्या."

"इथेही बसेल. बसू दे, मला घाई नाही. पण तुम्ही आलात की त्याला हे घर पुन्हा परकं होतं. मी बोलावेपर्यंत येऊ नका."

"जेवला नाही तर?"

"कळवीन."

"मी फोन करते ना रोज!"

"तोही नको. घंटी वाजली की दचकतो. मी या काकूंना फोन करीन."

मला हसू आलं. भिंगरीने डोळे वटारले.

आम्ही जिन्यात आलो आणि मागे दारावर नखं घासल्याचा आवाज सुरू झाला. ती वळली.

"काकू, मला धरा."

मी तिचं मनगट पकडलं. माझ्या वयाला न शोभणारी ओढाताण झाली. मग आवाज थांबला.

"का थांबला? ते उठले असतील?"

"ते उठणाऱ्यातले नव्हेत. चल."

तेव्हापासून ती कामाला लांबच्या रस्त्याने जाते. जवळून गेलं तर वास येईल त्याला, म्हणते. निवाऱ्यातले पिंजरे इतके घासते, की तिथले लोक वैतागलेत. रोज संध्याकाळी माझ्या दारात हजर. "काही निरोप?"

काल निरोप आला. जेवून तो दाराशी न जाता आपणहून टेबलाखाली येऊन झोपला. अजून येऊ नका.

"आपणहून? ओढून नाही ना आणलं?"

"आपणहून म्हणाले."

"आणि 'अजून' म्हणाले ना?" तिने माझ्याकडून निरोप पुन्हा वदवून घेतला, पदर नव्हता म्हणून बाहीनेच डोळे पुसले आणि जिना चढू लागली. मधूनच आवाज आला, "काकू, उद्या तुम्हीच फोन करून विचारा ना!"

मी काही बोलायच्या आत ती कठड्यावरून खाली वाकली. "नको. नकाच विचारू. मी म्हटलं तरी विचारू नका."