भंडाऱ्याचे पाणी आणि माझी मोटार

मी नागपूरला कॉलेजात असताना वडिलांनी मला मोटार घेऊन दिली. ते बुऱ्हाणपुरात कापसाचा व्यापार करीत. बदली होऊन गेलेल्या एका गोऱ्या साहेबाची ती जुनी मोटार. मला तिची गरज नव्हती. बुधवारा पेठेत आपल्या दारापुढे मोटार उभी दिसावी ही वडिलांची गरज होती आणि तिच्यात मी बसलेला दिसावा ही माझी.

साहेबाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने मोटार ताब्यात देताना एकच सूचना केली. "भैया, इसमें भंडारे का पानी मत डालना. बरसात का पानी जमा करके रखो, वही डालो."

भंडारा म्हणजे मोगलांच्या काळापासून जमिनीखालून गावात येणारे पाणी. बुऱ्हाणपूरकर त्याची निंदा ऐकून घेत नाही. पाहुण्याच्या हातात तो आधी त्या पाण्याचा तांब्या देतो आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहतो.

"ज्या पाण्याला बादशहाने नावं ठेवली नाहीत, त्याला ही मोटार ठेवणार?" मी म्हणालो. ओट्यावरचे रिकामटेकडे खो खो हसले.

"इंजन को क्या मालूम, बादशाह कौन था," एवढे बोलून ड्रायव्हर निघून गेला.

याच पाण्याने आमच्या चहाच्या पातेल्यात पांढरा थर धरे. आई तो चिंचेने घासून काढी. हे मी लहानपणापासून पाहत होतो. कॉलेजात माझा विषय रसायनशास्त्र होता. तरीही इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये मी दोन वर्षे, दर सुट्टीत, तेच पाणी ओतले.

माझी थोरली बहीण विधवा होऊन माहेरी परतली होती. मॅट्रिक झाली तर मुलींच्या शाळेत तिला नोकरी मिळणार होती. नाही तर जन्मभर आमचे स्वयंपाकघर. परीक्षा खांडव्याला. वडिलांनी मोठ्या मुश्किलीने परवानगी दिली, तीही अटीवर: सकाळच्या आगगाडीने जायचे, संध्याकाळी परत यायचे आणि एक जरी पेपर चुकला तरी परीक्षेचे नाव पुन्हा घ्यायचे नाही.

मी तेव्हा माझ्या कॉलेजच्या परीक्षेच्या तयारीसाठी घरी आलो होतो. पहिल्या पेपरच्या सकाळी दारात टांगा आला. मी तो परत पाठवला.

"मोटार असताना ताई टांग्यात?"

"मला वेळेवर पोचव म्हणजे झालं," ताई म्हणाली.

स्टेशन लालबागेत, गावाबाहेर दोन मैलांवर. सरळ जायचे सोडून मी मोटार इतवाऱ्याच्या बाजारातून घेतली, कारण बघणारे तिथे होते. गर्दीत हॉर्न वाजवीत आम्ही मुंगीच्या पावलांनी सरकलो. इंजिन तापत गेले. वेशीबाहेर येताच रेडिएटरच्या टोपणातून वाफेचा फवारा उडाला आणि मोटार बंद पडली.

मी हँडल मारीत राहिलो. ताईने पुस्तके पदरात गुंडाळली आणि उन्हात चालू लागली. ती स्टेशनात शिरली तेव्हा आगगाडी सुटत होती.

मिस्त्रीने रेडिएटर उघडला. नळ्यांत पातेल्यातलाच पांढरा थर बसला होता. गावाने दोष साहेबाच्या मोटारीला दिला. भंडाऱ्याच्या पाण्याला कुणी दिला नाही, मला तर नाहीच. ते मला सोयीचे होते. वडिलांनी आपली अट पाळली आणि ताईची पुस्तके माळ्यावर गेली. इतवाऱ्यातून कशासाठी गेलो, हे वडिलांना सांगायला मला दिवाळी उजाडली. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मोटार विकून टाक. आणि तिला म्हणावं, अर्ज भर."

पुढच्या वर्षी आगगाडीच्या दोन तास आधी दारात टांगा उभा राहिला.

"मी येऊ सोबत?" मी विचारले.

"ये," ताई म्हणाली. "टांगेवाल्याशेजारी बस. लगामाला हात लावू नकोस."

मी हात मांडीवर ठेवून बसलो.