कुंपणाशिवायची मेथी

आखातातल्या आमच्या अल थुमामाच्या घराच्या बाल्कनीत आज चिमण्यांनी मेथीचे कोंब कुरतडून टाकले. त्या कडवट, हिरव्या वासानं मला मावशीचं शेत आठवलं.

मावशी आणि काका मुंबईतल्या नोकऱ्या सोडून मुरबाडजवळ शेती करायला गेले होते. काकांनी केस खांद्यापर्यंत वाढवले होते. जमीन कुणा एकाची नसते, म्हणून त्यांनी शेताला कुंपणच घातलं नाही. मी सुट्टीत गेलो असताना एका सकाळी गावातली गुरं सगळी मेथी खाऊन गेली. बघायला आलेले शेजारी हसले.

"पुढच्या वेळी जास्त पेरू," मावशी म्हणाली. मला ती वेडीच वाटली. पुढे ती शेतीही बंद पडली.

"अरे, जाळी लाव! खलास करतील सगळं," आतून बायको ओरडली.

मी दुसऱ्या कुंडीत आणखी मूठभर मेथी पेरली.