मास्तरांच्या नावापुढचं शून्य

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी गेलो तोही शास्त्र शिकायला. माणसावर लिहायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. तेव्हा तळटीपकर सरांबद्दल मी लिहिणं हा आगाऊपणाच आहे. माझ्याहून हुशार असे त्यांचे विद्यार्थी मुंबईत आहेत, त्यांनी लिहायला हवं होतं. पण त्यांच्यापैकी कोणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि सरांची एक गोष्ट अशी आहे की तिचा मला अजून उलगडा होत नाही. लिहिता लिहिता होईल, अशी आशा आहे. नाही झाला, तर चूकभूल पदरात घ्यावी.

सर पुस्तक शेवटाकडून वाचत. नवं पुस्तक हातात आलं की आधी मागची संदर्भांची यादी, मग पानांखालच्या टिपा, आणि वेळ उरला तर मजकूर. म्हणून पोरांनी त्यांना तळटीपकर हे आडनाव लावलं. त्यांना ते ठाऊक होतं. "कोणाच्या घरी गेलं की आधी ओसरीवर कोण बसलंय ते बघावं," ते म्हणत. "मालक कसला आहे ते तिथेच कळतं." काकू आतून म्हणत, "आणि जेवायला बसलं की आधी चटणी-कोशिंबीर संपवावी, मग भात मागावा. सगळं उलटंच ह्यांचं!"

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आमच्या कुलाबा जिल्ह्यात कॉलेज निघालं होतं. सर मुंबईच्या कॉलेजातून निवृत्त होऊन नागावला आपल्या वाडीत राहायला आले होते, ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायला सायकलवरून येत. मी धरमतरच्या बाजूचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. वर्गात मला बोलायला भीती वाटे. पण भरती-ओहोटीबद्दल त्यांनी काही विचारलं आणि ते मला आलं, तेव्हापासून रविवारी ते मला घरी बोलावू लागले.

तिथे त्यांचं खरं काम मी पाहिलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांनी खेळण्यातल्यासारखे पत्ते केले होते. कोकणच्या समुद्रावर, खाड्यांवर ज्यांनी ज्यांनी काही छापलं, त्यांचा एकेक पत्ता. दुसऱ्या कोणी आपल्या लेखात त्याचं नाव घेतलं की त्या पत्त्यावर एक रेघ पडायची. स्वतःच स्वतःचं नाव घेतलेलं धरायचं नाही. मेव्हण्याने घेतलेलंही शक्यतो धरायचं नाही. "किती लिहिलं ते विचारू नकोस म्हात्रे," ते मला सांगत. "लिहिलेलं दुसऱ्याच्या कामी किती आलं ते विचार." एका लेखावर दोघांची नावं असली की त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "यांतला चिखलात कोण उतरला होता?"

मला हे सगळं पटे आणि तरी काहीतरी अडे. घरी बाबांना सांगितलं, तर ते भाकरीचा घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. "मिठाची रास मापतात ती मी बघलीय. कोनी कोनाचं नाव घेतलं ते मापनारा मानूस न्हाय बघला. त्याला काय काम न्हाय काय?" आई म्हणाली, "आसंल काय तरी. मास्तर हाय तो, उगाच करल व्हय?" या दोघांत कोण बरोबर, ते मला सांगता आलं नाही.

पुढे मुंबईच्या एका संस्थेने कोकण किनाऱ्यावरच्या संशोधनाचा इतिहास छापायचं ठरवलं. कोणाला घ्यायचं, कोणाला गाळायचं, यावर भांडणं होणार हे उघड होतं. सरांनी नियम सुचवला: ज्याचं नाव दुसऱ्या अभ्यासकाने छापील लेखात घेतलं आहे, तोच घ्यायचा. "खुर्ची बघून नाही, रेघा बघून," ते म्हणाले. संस्थेला ते आवडलं आणि मोजणीचं काम त्यांच्याकडेच आलं. पत्ते लावायला मी होतो.

सगळे पत्ते लावून झाले आणि एक कोरा उरला. त्यावर वर नावही नव्हतं, फक्त 'मास्तर' असं लिहिलेलं. मी विचारलं, हे कोण?

"आमचे मास्तर," सर म्हणाले. "मला, बापूला, आम्हा सगळ्यांना किनाऱ्यावर नेलं ते त्यांनी. ते नसते तर यांतले निम्मे पत्ते नसते."

"मग त्यांना एकही रेघ कशी नाही?"

सर कपाटाकडे वळले. त्यांनी आपलेच जुने लेख काढून माझ्यापुढे ठेवले. पहिल्या लेखाच्या सुरुवातीला इंग्रजीत लिहिलं होतं, 'माझ्या पूज्य गुरूंच्या कृपेने.' दुसऱ्यातही तेच. बाकीच्या शिष्यांचे लेख काढले, त्यांतही पूज्य गुरू, वंदनीय गुरू. नाव कुठेच नाही. गुरूचं नाव तोंडाने घेऊ नये, अशा संस्कारातली ही सगळी माणसं. लेखणीनेही त्यांनी ते घेतलं नव्हतं. ज्या मास्तरांनी एवढे अभ्यासक घडवले, ते सरांच्याच मापाने शून्य भरले होते.

"सर, पण त्यांचं नाव काय?" मी विचारलं.

सर उठले आणि वाडीत पाणी सुटलंय का ते बघायला गेले. काकूंनी दाराशी येऊन हळूच नाव सांगितलं. म्हणाल्या, "हे घेत नाहीत रे. लग्न झाल्यापासून एकदा ऐकलं नाही मी ह्यांच्या तोंडून. मलासुद्धा माहेरच्यांकडून कळलं."

आम्ही श्रीवर्धनला बापूंकडे गेलो. बापू म्हणजे मास्तरांचे दुसरे शिष्य. मत्स्य खात्यातून निवृत्त होऊन सुपारीची वाडी बघत होते आणि अजून एखादा लेख लिहीत. एस.टी.चे हादरे खाऊन आम्ही पोचलो, तर ते अंगणात सुपारी वाळत घालत होते. सरांना बघून ओरडले, "या तळटीप! कोणाच्या नावाची वर्गणी मागायला आलात?"

"मास्तरांच्या," सर म्हणाले.

बापूंचं हसू गेलं. सरांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुझा लेख येतोय ना, त्यात नाव घाल. पूर्ण नाव."

"मी?" बापूंनी कान पकडले. "आणि तू का नाही रे? तू तर माझ्या आधीचा. तुला लाज वाटते, आणि मी लाज सोडू?"

"मोजणी माझ्याकडे आहे. मी घातलं तर ती लबाडी."

"आणि तुझ्या सांगण्यावरून मी घातलं तर?"

सर वाकून सुपारी उलटसुलट करू लागले, बापूही करू लागले. मग बापू म्हणाले, "मास्तर असते तर तुझ्या त्या पत्त्यांनी त्यांनी चूल पेटवली असती." सर म्हणाले, "नसती. आधी नियम विचारला असता." दोघेही हसले, पण डोळे कोणाचे कोरडे नव्हते. परत येताना सर म्हणाले, "म्हात्रे, माप चुकीचं आहे की आम्ही चुकीचे?" मला वाटलं त्यांना उत्तर हवं आहे. मी विचार करत राहिलो आणि आमचं गाव आलं.

परीक्षेनंतर मी धीर करून म्हटलं, "सर, मी पुढे काही लिहिलं तर त्यात मास्तरांचं नाव घालीन."

ते रागावले. एवढे रागावलेले मी त्यांना पाहिलं नव्हतं. "तू त्यांना पाहिलंस? त्यांचं काही वाचलंस? न वाचलेल्या माणसाचं नाव घेणं म्हणजे न जेवता ढेकर देणं. तुला जे मिळालं ते माझ्याकडून." मग थांबून म्हणाले, "माझ्याकडे त्यांच्याकडून आलं. पण ते तू कसं लिहिणार?" एवढं बोलून तेच गोंधळल्यासारखे झाले.

मास्तरांनी आयुष्यात एकच लेख छापला होता, मुंबईच्या एका कॉलेजच्या जुन्या वार्षिकात. सरांची प्रत कधीच वाळवीने खाल्ली होती. मी पुढच्या शिक्षणाला मुंबईत गेलो तेव्हा तो अंक शोधून काढला. लेख लहान होता. कालवांची पिल्लं नव्या खडकापेक्षा जुन्या शिंपल्यांवर आधी चिकटतात, असं मास्तरांनी रेवदंड्याच्या खाडीत पाहिलं होतं. मी सुट्टीत त्याच खाडीत उतरलो, खडक आणि शिंपले शेजारी शेजारी ठेवले आणि बघत राहिलो. मास्तरांचं म्हणणं बरोबर निघालं. आता मी त्यांना वाचलं होतं आणि त्यांचं म्हणणं मला कामी आलं होतं. लेख लिहिला, मास्तरांचं पूर्ण नाव मजकुरात आणि खाली टिपेत घातलं, आणि सरांना दाखवला.

सरांनी टीप वाचली. पुन्हा वाचली. म्हणाले, "हे धरता येईल." मग लगेच, "छापून आल्यावर. हस्तलिखित धरत नाहीत." संस्थेच्या पुस्तकाचं काम रेंगाळलं होतं, त्यांनी तिथे कळवलं की एक उल्लेख यायचा आहे, थांबा. आणि तोवर स्वतःचा पत्ता त्यांनी गठ्ठ्यातून काढून ठेवला. "मास्तर बाहेर आणि मी आत, असं दिसायला नको," म्हणाले. त्यांच्या पत्त्यावर तर रेघाच रेघा होत्या. हा प्रामाणिकपणा की हट्ट, तेही मला कळलं नाही.

लेख एका शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवला, आणि मला नोकरी लागली ती पार गुजरातेत, वेरावळला. निघताना पाया पडलो, तर आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "संपादकांनी माझा पत्ता नीट लिहून घेतलाय ना? अंक थेट इकडे येऊ दे." पुढे जो कोणी नागावहून येई, तो सांगे की सर पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभे असतात.

अंक मला मिळाला तो उशिराच. मी आपला लेख उघडला. जागेअभावी संपादकांनी तो आखडला होता. जुना अंक वाचकांना मिळण्यासारखा नाही, म्हणून त्याची टीप काढून टाकली होती, आणि मजकुरात मास्तरांच्या नावाच्या जागी छापलं होतं, 'एका जुन्या स्थानिक निरीक्षकाच्या मते.' शेवटी आभारात सरांचं नाव मात्र पूर्ण होतं. त्यांच्या पत्त्यावर आणखी एक रेघ.

मी संपादकांना कळवलं, त्यांचं काही उत्तर आलं नाही. सरांना काय कळवावं ते सुचेना. त्यांच्याकडे अंक गेलाच असणार, त्यांनी तो उघडला असणार. रोज वाटे, आज त्यांचा काही निरोप येईल.

निरोप आला नाही. महिन्याभराने नागावचा एक मुलगा आमच्या कचेरीत कामाला लागला, त्याने सांगितलं. सर गेले होते. ताप आला होता आणि चार दिवसांत आटोपलं. अंक आला तो ते गेल्यानंतर, तेरावंही व्हायच्या आधी. काकूंनी तो वरचा कागद न काढता देवांपाशी ठेवला आहे, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगतात, "ह्यांच्या मास्तरांचं नाव आलंय यात छापून."