गादीतली खिडकी

माझी आत्या सोफे उघडते. लोक म्हणतात, दुरुस्त करते, पण तिला विचारलंत तर ती तोंडातले बारीक खिळे हातावर काढून सांगेल, "दुरुस्ती नंतर. आधी उघडायचा. आत काय झालंय ते न बघता वरून नवं कापड चढवणं म्हणजे आजारी माणसाला इस्त्रीचा सदरा घालणं."

तिची कामाची खोली लांबट आहे. पुढे शटर, मग फोमचे ठोकळे, काथ्याच्या जुड्या, रेक्झिनचे रोल आणि जिकडेतिकडे पाय वर करून पडलेले सोफे. मागच्या भिंतीशी, एका जुन्या पडद्याखाली, ड्रम्स. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मुलाचे का?"

"माझे," आत्या म्हणते.

मग गिऱ्हाईक कापडाचा रंग जरा पटकन ठरवतं.

एकोणपन्नास वर्षांची ही बाई रॉक बँडमध्ये कशी, तर एका स्टुलामुळे. बारा वर्षांपूर्वी एक उंच, खांद्यात वाकलेला मास्तर फाटकं गोल स्टूल घेऊन तिच्याकडे आला. शाळेत भूगोल शिकवायचा, उरलेल्या वेळात गिटार वाजवून गायचा. त्याच्या बँडचा ड्रमर आपले ड्रम्स आणि हे स्टूल मागे टाकून दुसऱ्या गावी निघून गेला होता. आत्यानं स्टुलात नवा फोम भरला, वर बसून बघितलं (ती प्रत्येक वस्तू स्वतः बसून बघते) आणि विचारलं, "याच्यापुढे काय असतं?"

"ड्रम्स."

"मग आणा की. नुसतं बसून कसं कळणार, उंची बरोबर झालीय का?"

लहानपणापासून दोन्ही हातांत वेत घेऊन गाद्यांची धूळ काढलेली बाई. मास्तरनं ड्रम्स आणले ते परत नेलेच नाहीत. ती त्याला आठवड्याभरात 'लांब्या' म्हणायला लागली (आम्ही बाकीचे 'लांबू'), तो तिला 'ताई'. तिसरे डॉक्टर, जनावरांचे. ते बास गिटार वाजवतात आणि बोलण्याऐवजी शक्यतो हुंकारावर भागवतात.

अकरा वर्षांत या तिघांनी मिळून गाणी केली सहा. माझे बाबा, म्हणजे आत्याचे दादा, हिशेब करून म्हणायचे, "एका गाण्याला बरोबर बावीस महिने. हत्तिणीलाही एवढेच लागतात."

आणि मग गेल्या वर्षी सहा आठवड्यांत नऊ झाली.

झालं असं की लांबूच्या शाळेला सुट्टी लागली, आणि त्याच आठवड्यात डॉक्टर एका घरी पोपट पकडायला कपाटावर चढले नि खाली आले. पोपटाला काही झालं नाही. पोपट डॉक्टरांचाच झाला. पायाला प्लास्टर. दोघांनाही घरी करमेना. मग दोघं सकाळपासून आत्याच्या खोलीत येऊन बसायचे आणि तिच्या पायात पायात यायचे.

त्यातच तो डबा सांडला.

जुना सोफा उघडला की आत काहीतरी सापडतंच. आत्या ते गिऱ्हाइकाला दाखवते. बहुतेक जण म्हणतात, "हे आमचं नाहीच." मग ती वस्तू एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात जाते. डॉक्टरांच्या कुबडीचा धक्का लागून डबा फळीवरून खाली आला, आणि फरशीभर झालं: एक किल्ली, बुद्धिबळाचा घोडा, चष्म्याची एक काडी, लहान मुलाचा एकच मोजा, अर्ध्यावर सोडलेली सामानाची यादी, दुधाचा दात.

लांबू गुडघ्यांवर बसून गोळा करत होता. किल्लीपाशी थांबला.

"ताई, ही कशाची?"

"दाराची."

"कुठल्या?"

"ते कळलं असतं तर डब्यात असती का?"

दुसऱ्या दिवशी तो जुन्या चाचणी परीक्षेच्या पेपरामागे लिहून घेऊन आला:

किल्ली आहे, दार नाही,
जिने किती चढून झाले.
कुणीतरी उघड, उघड,
मीच माझ्या घरी आलो.

डॉक्टरांनी वाचलं आणि चमच्यानं प्लास्टरवर ताल धरला. आत्या सोफ्याला पट्टी ठोकत होती. तिची हातोडी केव्हा त्या तालात शिरली ते तिलाही कळलं नाही. ध्रुवपद आलं तसा तिनं वेग वाढवला. लांबू उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, "हं!" त्यांच्या भाषेत ही टाळ्यांची दाद होती.

त्या दिवसापासून नियमच पडला. सकाळी डोळे मिटून डब्यातली एक वस्तू काढायची, आणि ज्याच्या हाताला येईल त्यानं पहिली ओळ द्यायची. मोजा आत्याच्या हाती आला. ती म्हणाली, "दुसऱ्या पायाला काय सांगायचं, असं सुरू कर." यादीचं गाणं डॉक्टरांनी सुरू केलं, अख्ख्या वाक्यानं, आणि मग दोन दिवस दमून गप्प होते. मी तेव्हा रोज तिकडे जेवायला असायचे. उघड्या स्प्रिंगा, वाद्यांच्या वायरी, सगळ्या कपांत गार झालेला चहा आणि तीन मोठी माणसं एका दुधाच्या दातावरून भांडतायत. इतका आनंदी पसारा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

नऊ गाणी झाल्यावर लांबू म्हणाला, "रेकॉर्ड करू या. शाळा सुरू झाली की आपण पुन्हा हत्तीण."

रेकॉर्डिंगला आले ते कानवाले. हे आम्ही ठेवलेलं नाव. रेडिओवरून निवृत्त झालेले, डोळे मिटून ऐकणारे गृहस्थ. त्यांनी खोलीच्या मध्यात उभं राहून एकदा टाळी वाजवली आणि खूश झाले. "स्टुडिओवाले भिंतींना फोम लावतात. तुमच्याकडे भिंती दिसतच नाहीत!"

अडचण एकच. शेजारी दगड कापायचा कारखाना. दुपारी एक ते तीन त्याचा मालक झोपायचा. तीनच्या ठोक्याला त्याची करवत सुरू. शाळेची घंटा चुकेल, ती नाही. म्हणजे हातात रोजचे दोन तास.

ड्रम्सचा दणका लांबूच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून आत्यानं त्याच्याभोवती जाड गाद्या उभ्या करून खोलीच बांधली. दोरीनं आवळली, वर पांघरुणं टाकली. काम चोख. आतून लांबूचा आवाज आला, "ताई, मी आहे का अजून जगात?"

आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. किल्लीच्या गाण्यात ध्रुवपद आलं, आत्या पुढे गेली, लांबू मागे राहिला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. सहाव्या वेळी कानवाल्यांनी कानावरचा हेडफोन काढला.

"ताई, तुम्ही धावता."

"मी?"

"ध्रुवपद आलं की. दर वेळी."

"दार दिसल्यावर माणूस चालत जातो का हो?"

"ते ठीक. पण घड्याळ घड्याळ असतं." त्यांनी तिच्या कानात टिकटिक लावून दिली. "हिच्यावर वाजवा."

आत्यानं वाजवलं. चार दिवस वाजवलं. सकाळी खिळे ठोकतानासुद्धा ती कानात टिकटिक लावून ठोकायची. मोज्याचं आणि यादीचं गाणं त्यावर छान बसलं. ती गाणी मुळात सावकाश. पण किल्लीचं गाणं बरोबर आलं आणि मेलं. कुणी चूक दाखवू शकलं नसतं. नुसतं ऐकताना जांभई यायची.

पाचव्या दिवशी लांबू गाद्यांतून बाहेर आला. आत्या एका खुर्चीला कापड ताणून बसवत होती, तोंडात दहा-बारा खिळे. तो समोरच्या फोमवर बसला, उठला, पुन्हा बसला.

"ताई, रागावू नकोस. रेकॉर्डवर... या एका गाण्याला... किंवा सगळ्यांनाच, म्हणजे सारखं वाटावं म्हणून... ड्रम्स मशीनचे घेतले तर? कार्यक्रमात तूच. फक्त रेकॉर्डवर."

कुणी गप्प बसलं की आपण म्हणतो, मूग गिळले. आत्याच्या तोंडात खिळे होते, आणि ते गिळता येत नाहीत. तिनं एकेक काढून ठोकला. सगळे संपल्यावर म्हणाली, "खोली माझी. गाद्या माझ्या. डबा माझा. आणि ड्रम्स मशीनचे?"

"ताई..."

"तीन वाजतायत. आवरा."

करवत सुरू झाली. एरवी तिचा राग यायचा. त्या दिवशी सगळ्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी जेवताना ती भाजी वाढायची विसरली. काका, म्हणजे आत्याचे यजमान, चष्म्यांच्या दुकानात काम करतात आणि समोर आलेलं निमूट खातात. कोरडी पोळी खात होते.

"अहो, मी धावते का?"

"धावतेस." काकांनी मान वर केली नाही. "रस्त्यानं माझ्यापुढे, जिन्यात माझ्यापुढे. सिनेमा संपायच्या आत दारात. तेवीस वर्षं झाली."

"आणि बोलला नाहीत कधी!"

"बोलायचं काय त्यात? तू वेग धरायच्या आधी तुझे खांदे पुढे जातात. ते दिसले की मी पाय उचलतो. मागे राहिलोय का कधी?"

आत्याचा घास हातातच थांबला.

"खांदे," ती म्हणाली.

"हो. भाजी देतेस का?"

"लांब्याचे खांदे! कडवं संपताना तो श्वास घेतो ना, तेव्हा वर जातात. ते बघून मी उठते. आणि माझा हात वर गेलेला बघून तो निघतो. अकरा वर्षं आम्ही एकमेकांकडे बघून वाजवतोय, आणि आता मध्ये गादी! मीच उभी केली. माझ्या हातानं!"

"चांगलंच झालं की मग, कळलं ते," काका म्हणाले आणि भाजीचं भांडं स्वतःच ओढून घेतलं.

सकाळी मी पोचले तेव्हा आत्या धारदार सुरी घेऊन एका गादीसमोर उभी होती. घरच्या पाहुण्यांची गादी होती ती; गिऱ्हाइकाच्या मालाला ती हात लावणार नाही. तिनं बरोबर उभा चौकोन कापला, कडेनं गोट शिवला आणि नव्या सोफ्यावरचं जाड पारदर्शक प्लास्टिक, जे लोक वर्षानुवर्षं काढत नाहीत, त्याचे दोन थर त्यात ताणून बसवले. दुपारी कानवाले आले आणि बघतच राहिले.

"हे काय?"

"खिडकी."

"थोडा आवाज गळेल."

"किती?"

त्यांनी डोळे मिटून बोट वाजवलं. "शेजारच्या घरात कुणी कपबशी ठेवावी एवढा."

"मग शेजार आहे म्हणायचं," आत्या म्हणाली. "आणि आज टिकटिक नको. एकदा घेऊ. नाही जमलं तर मशीन लावा, मी तक्रार करणार नाही."

सुट्टीचा शेवटचा दिवस होता. एवढं एकच गाणं उरलं होतं. लांबू आत शिरला. खिडकीत त्याचा चेहरा दिसला तेव्हा तो तुरुंगात भेटीला आल्यासारखा हसला. पहिल्या वेळी त्याची तार तुटली. नवीन लावून सुरात आणेपर्यंत अर्धा तास गेला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांची कुबडी धाडकन पडली. घड्याळात तीनला चार मिनिटं आणि वर काही सेकंद उरले होते.

कानवाले म्हणाले, "टिकटिकवर मोजलं तर गाणं बरोबर चार मिनिटांचं. आता उद्याच..."

"उद्या शाळा आहे," आतून लांबू ओरडला.

"हं," डॉक्टर म्हणाले.

आत्यानं काड्या चार वेळा आपटल्या.

पहिलं कडवं हळू, जिन्यातल्या पावलांसारखं. ती ड्रम्सकडे बघतच नव्हती. बघत होती ती त्या चौकोनात. कडवं संपता संपता प्लास्टिकपलीकडचे वाकलेले खांदे वर आले, आत्याचा हात वर गेला, आणि दोघं एकदम निघाली. डॉक्टरही. कुणी कुणाच्या मागे नव्हतं. 'उघड, उघड' ऐकताना मला वाटलं, शटरच कुणीतरी वर करेल. पुढच्या कडव्यात तिघंही पुन्हा जिन्यात, पुन्हा खांदे, पुन्हा धाव. शेवटची ओळ, शेवटचा ठोका. झांज थरथरत राहिली. हळूहळू तीही विरली. खोली शांत झाली. कुणी हललं नाही.

आणि करवत सुरू झाली.

कानवाल्यांनी डोळे उघडले, घड्याळ बघितलं, मग आपल्या यंत्रावरचे आकडे.

"सहा सेकंद," ते म्हणाले. "ताई, तुम्ही सहा सेकंद धावलात. घड्याळावर वाजवलं असतंत तर शेवटच्या झांजेत दगड कापला गेला असता."

मग डॉक्टर जे हसायला लागले ते थांबेनात. प्लास्टरचा पाय फरशीवर आपटत हसत होते. लांबूला गाद्यांच्या दोऱ्या सोडवत बसायला धीर नव्हता. तो खिडकीलाच नाक लावून करवतीच्या वर ओरडला, "ताई! ते मशीनचं मी जे बोललो ना..."

"कुठलं मशीन?" आत्या ओरडली. "इथे एकच आहे, शिवणाचं!"

तिनं काड्या स्टुलावर ठेवल्या, कालच्या खुर्चीपाशी गेली आणि मूठभर खिळे तोंडात टाकले. आता बोलणं शक्य नव्हतं. पण हातोडी चालली होती, किल्लीच्याच तालात, आणि थोडी पुढेच.